ती बाकावर बसली होती आणि माझी गाडी आली

पत्र लिहिणाऱ्या ताई ४७ वर्षांच्या आहेत. गेली २१ वर्षं मध्य रेल्वेच्या लोकलने नोकरीला जातात. चार महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी गाडीची वाट बघताना त्यांना फलाटाच्या टोकाकडच्या बाकावर एक मुलगी दिसली. वीस-बावीसची असावी. मांडीवर कॉलेजची सॅक, हातात फोन, पण फोनकडे लक्ष नाही. समोरून दोन गाड्या गेल्या, तिसरी आली, तरी ती उठली नाही. "बोलावंसं वाटलं," ताई लिहितात, "पण काय बोलायचं ते सुचेना. ओळख ना पाळख. तेवढ्यात माझी गाडी आली आणि मी चढले. दारातून वळून पाहिलं, ती तशीच बसली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यातल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. त्याच स्टेशनवर रात्री एका तरुणीने जीव दिल्याचा. चेहरा दिसत नव्हता. सॅक "तसलीच" वाटली.

तेव्हापासून ताईंना रात्री दोन-अडीचला जाग येते आणि मग झोप लागत नाही. त्या आता फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहतात. यजमान म्हणतात, "ज्याने ठरवलं, त्याला कोणी अडवू शकत नाही. तू उगीच जिवाला लावून घेतेस." मैत्रीण म्हणते, "नाही बोललीस तेच बरं, पोलिसांच्या फेऱ्यात अडकली असतीस." ताईंचे प्रश्न तीन: मी बोलले असते तर ती वाचली असती का? पुन्हा असं कुणी दिसलं तर काय करायचं? आणि आपण बोलायला जावं नि तिच्या मनात नव्हतं तेच भरवून ठेवावं, असं झालं तर?

(पत्रात स्टेशनचं नाव होतं आणि व्हिडिओत काय होतं तेही होतं. दोन्ही मी मुद्दाम गाळलंय. का, ते पुढे येईल.)

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तीनही वेळा "दारातून वळून पाहिलं" या शब्दांपाशी थांबले. त्या फलाटावर तेव्हा दोनेकशे माणसं तरी असतील. त्या मुलीकडे वळून पाहणारं माणूस तुम्ही होतात. तुम्ही स्वतःवर जो खटला चालवलाय, त्यात ही गोष्ट कुठेच नोंदलेली नाही, म्हणून मी ती आधी नोंदवते.

ती मुलगी आणि व्हिडिओतली मुलगी एकच होती, हे तुम्हाला माहीत नाही. तशा सॅक हजारो मुलींच्या पाठीवर असतात. बाकावरची मुलगी चौथ्या गाडीने घरी गेली असेल, आईने पुढ्यात ठेवलेलं जेवली असेल, हे अगदी शक्य आहे. पण याच्यावर मी फार भर देणार नाही, कारण तुम्ही लगेच विचाराल, "आणि तीच असली तर?" चार महिने तुम्ही याच प्रश्नाशी झोपताय आणि उठताय. तेव्हा तीच होती असं धरून बोलू.

यजमानांचं बोलणं तुमचं मन हलकं व्हावं म्हणूनचं आहे. आपल्याकडे घरोघरी हेच सांगून समजूत घालतात. पण ते खरं नाही, आणि मी ते खरं मानून पुढे गेले तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तरच उरणार नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका पुलावर १९३७ ते १९७१ या काळात जीव द्यायला आलेल्या आणि वेळीच अडवल्या गेलेल्या ५१५ माणसांचं पुढे काय झालं, याचा रिचर्ड सायडन नावाच्या संशोधकाने माग काढला. त्याचा अभ्यास १९७८ साली आला. त्यातली ९० टक्क्यांहून जास्त माणसं एकतर अजून जिवंत होती किंवा नैसर्गिक मरणाने गेली होती. म्हणजे आज अडवलेला माणूस उद्या दुसरीकडे जाऊन तेच करतो, ही आपली समजूत बहुतेकांच्या बाबतीत चुकीची ठरली. मरणाची ओढ आणि जगण्याची ओढ त्या घडीला एकाच माणसात असते. नुसती मरणाची ओढ असती तर तिने तीन गाड्या सोडल्या नसत्या.

हे वाचून तुमच्या छातीत धस्स झालं असेल. "म्हणजे मी बोलले असते तर..." हाच अर्थ तुम्ही काढणार, हे ठाऊक असूनही मी हे लिहिलं, कारण खोट्या आधारावर तुमचं मन हलकं झालं तरी ते चार दिवसच टिकेल.

बोलण्याने फरक पडू शकतो, हे खरं. तुम्ही बोलला नाहीत म्हणून ती गेली, हे मात्र खरं नाही. दोन्ही वाक्यं एकाच श्वासात खरी असू शकतात. जीव द्यायचा विचार अशा एका संध्याकाळी उगवत नाही. त्यामागे नैराश्य असतं, घरातलं काही असतं, पैशाचं, अपयशाचं, कधी मारझोडीचं, कधी कुणाला कधीच न सांगितलेलं काही. हे सगळं कित्येक महिने साचत गेलेलं असतं. त्या साचलेल्यातली शेवटची पंधरा मिनिटं तुमच्या नजरेला पडली. तीही तुम्ही "कुणीतरी गाडीची वाट बघतंय" या रोजच्या चष्म्यातून पाहिलीत, कारण २१ वर्षांत बाकावर बसलेली हजारो माणसं तुम्ही पाहिलीत आणि ती सगळी गाडीचीच वाट बघत होती. आता व्हिडिओ पाहिल्यावर ती पंधरा मिनिटं वेगळी दिसतात. तेव्हा ती तशी दिसत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलेली गोष्ट आदल्या संध्याकाळच्या स्वतःला माहीत असायला हवी होती, असा हट्ट तुम्ही धरून बसला आहात.

आणि तेव्हा तुम्हाला कुणी काही शिकवलंही नव्हतं. ब्रिटनमध्ये हे शिकवायला वर्षं लागली. तिथे रेल्वेचं जाळं सांभाळणारी नेटवर्क रेल आणि मनातलं ऐकून घेणारी समॅरिटन्स ही जुनी संस्था, या दोघी २०१० पासून एकत्र काम करताहेत. रेल्वेच्या २०,००० हून जास्त कर्मचाऱ्यांना एकच गोष्ट शिकवली गेली: फलाटावर कुणी अस्वस्थ दिसलं तर जवळ जाऊन बोलायचं कसं. पुढे मिडलसेक्स विद्यापीठातल्या लिसा मार्झानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेल्वेवरच्या आत्महत्यांचा अभ्यास केला. ज्यांच्या मनात हा विचार येऊन गेला होता अशा माणसांनाही त्यांनी विचारलं. त्यातून जे हाती आलं, त्याच्या आधारावर २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये प्रवाशांसाठी एक मोहीम सुरू झाली. दोन शब्द बोला, त्याने जीव वाचतात, एवढंच तिचं सांगणं. तिथे रेल्वेवर एक जीव जातो तेव्हा आजूबाजूच्या माणसांनी सहा जीव वाचवलेले असतात, असं तेव्हा सांगितलं गेलं. ते सहा वाचवणारे म्हणजे तिकीट तपासनीस, झाडूवाले, पोलीस, आणि तुमच्या-माझ्यासारखी कामावरून घरी निघालेली माणसं.

यातली एक गोष्ट मला फार जवळची आहे, जरी ती रेल्वेवरची नाही. जानेवारी २००८ मध्ये लंडनच्या एका पुलावर जॉनी बेंजामिन नावाचा तरुण कठड्यापलीकडे उभा होता. वय वीस. महिनाभरापूर्वीच त्याच्या गंभीर मानसिक आजाराचं निदान झालेलं. सकाळची वेळ, माणसं कामाला चाललेली. नील लेबोर्न नावाचा एक अनोळखी तरुण कामावर जाताना थांबला. आपण कॉफी प्यायला जाऊ म्हणाला. तू यातून बरा होशील असं मला वाटतं, असंही म्हणाला. एवढंच. जॉनी मागे आला. सहा वर्षांनी, २०१४ साली, त्याने त्या अनोळखी माणसाचा जाहीर शोध घेतला. नाव आठवत नव्हतं म्हणून त्याला माइक म्हणत होता. नील सापडला. पुढे दोघांनी मिळून शाळा-कॉलेजांत, तुरुंगांत जाऊन हे काम केलं.

ताई, या गोष्टीतल्या दोन गोष्टी मला तुम्हाला दाखवायच्यात. पहिली, नीलने काही ग्रेट वाक्य उच्चारलं नाही. कॉफीला चल म्हणाला. दुसरी, नीलच्या आधी त्या पुलावरून कितीतरी माणसं गेली असणार. ती काही दुष्ट नव्हती. कुणी घड्याळ बघत होतं, कुणाला तो दिसला पण काय दिसतंय ते उमगलं नाही, कुणाला उमगलं पण पाय उचलला गेला नाही. जॉनीने नंतर शोधला तो थांबलेल्या माणसाला. न थांबलेल्यांचा हिशेब मागत तो फिरला नाही. तुम्हीही मागू नका.

आता तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण दुसऱ्याचं उत्तर त्याच्यावर अडलंय. विचारल्याने मनात भरतं का? नाही. ही भीती इतकी जुनी आहे की संशोधकांनी ती तपासूनच पाहिली. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमधल्या २,३४२ मुलामुलींवरचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलांना प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचाराबद्दल सरळ विचारलं, अर्ध्यांना नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर विचारलेल्या मुलांची अस्वस्थता वाढली नव्हती, त्यांच्यात असे विचारही जास्त नव्हते. जी आधीच खचलेली होती त्यांना तर विचारल्याने किंचित बरंच वाटलेलं दिसलं. आपल्या मनातलं भयंकर वाटणारं काहीतरी कुणीतरी तोंडाने उच्चारलं आणि ते उच्चारणारं माणूस पळून गेलं नाही, याचाच आधार वाटतो.

पण फलाटावर तुम्हाला त्या प्रश्नापासून सुरुवात करायची नाहीच आहे. तुम्हाला काय बोलायचं ते सुचेना, असं लिहिलंत. अहो, लोकलच्या फलाटावर अनोळखी माणसाशी बोलायला आपल्यासारखं पटाईत कोण आहे? "फास्ट गेली का गं?" "ही अंबरनाथलाच जाते ना?" "इंडिकेटर बंद आहे का?" दिवसातून दहा वेळा आपण हे विचारतो. तेच विचारायचं. शेजारी बसायचं, पाण्याची बाटली पुढे करायची. "बाळा, बरं वाटत नाहीये का? खूप वेळ बसलीयेस, म्हणून विचारलं." तरुण मुलगा असेल तर "दादा, किती वाजले?" पुरतं. ब्रिटनमधल्या मोहिमेतही हवापाण्यावरून सुरुवात करा असंच सांगतात. त्या माणसाच्या डोक्यात एकच विचार गोल गोल फिरत असतो आणि आपल्या अगदी फालतू प्रश्नालाही उत्तर द्यायला त्याला त्या चक्राबाहेर क्षणभर यावं लागतं. पुष्कळदा मदतीची सुरुवात त्या क्षणापासून होते.

कुणाशी बोलायचं, हे ओळखायची एकच एक खूण नसते. गाड्या सोडत एकटंच खूप वेळ बसलेलं, गर्दीपासून लांब, हरवल्यासारखी नजर, रडणं, येरझाऱ्या, किंवा नुसतंच तुमच्या मनाला "काहीतरी बरं नाही" असं वाटणं. या शेवटच्या खुणेवर विश्वास ठेवा. त्या संध्याकाळी ती तुम्हाला जाणवली होती.

चुकलं तर? मी चुकलेय. तीन-चार वर्षांपूर्वी ठाण्याला पुलाच्या जिन्याखाली एक मुलगा भिंतीला टेकून बसला होता. डोकं गुडघ्यात. मी दोनदा पुढे गेले, दोनदा मागे आले. शेवटी पर्समधला राजगिऱ्याचा लाडू काढला आणि विचारलं, "बाळा, काही खाल्लंयस का?" त्याने वर पाहिलं. डोळे लाल. मला वाटलं, झालं. तर म्हणाला, "नाही हो मावशी, काल रात्रपाळी होती, मित्र यायचाय, डोळा लागला." लाडू मात्र घेतला. माझी एक गाडी चुकली, बाकी काही नाही. त्यानंतर असं विचारायला मला कधी जड गेलं नाही.

आणि समजा उत्तर आलं, "जगण्यात काही राम नाही हो", किंवा उत्तरच आलं नाही, नुसते डोळे भरून आले. मग सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतोय का मनात?" आवाज शांत ठेवा. हो म्हणालं तर "असं बोलू नये", "आईबापाचा विचार कर", "लोकांना किती दुःखं असतात" यातलं काही म्हणू नका. तेवढं ऐकायला त्या माणसाकडे त्या घडीला जागा नसते. "बरं केलंस सांगितलंस. मी आहे इथे, कुठे जात नाही" एवढं पुरे. तिकीटघराजवळ, चहाच्या स्टॉलकडे, रुळांपासून लांब चला म्हणा. घरचा किंवा मैत्रिणीचा नंबर विचारा आणि तुमच्या फोनवरून लावून द्या. १४४१६ हा टेली मानसचा नंबर लावा. ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. स्वतःसाठी लावता येतो, दुसऱ्या कुणाची काळजी वाटत असेल तरी लावता येतो.

एक अट मात्र माझी. माणूस फलाटाच्या कडेला असेल, किंवा खाली उतरलेलं असेल, तर तुम्ही त्याच्या मागे जायचं नाही, हात धरून ओढायचं नाही. लांबून बोला आणि दुसऱ्या कुणाला तरी पळवा: पोलीस, होमगार्ड, स्टेशन मास्तरचं ऑफिस. १३९ हा रेल्वेचा मदतीचा नंबर आहे, ११२ सगळीकडे चालतो. गाड्या थांबवणं त्यांच्या हातात आहे, आपल्या नाही. जवळच्या माणसाला बोट दाखवून काम सांगा, "दादा, तुम्ही पोलिसांना बोलवा." नुसतं "कुणीतरी बोलवा" म्हटलं की गर्दीत कुणीच हलत नाही.

तुमच्या मैत्रिणीची पोलिसांची भीती मला कळते. आपल्या पिढीने "आत्महत्येचा प्रयत्न म्हणजे गुन्हा" हेच ऐकलं. ते बदललंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारं माणूस तीव्र ताणाखाली होतं असंच गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलमच नाही. बोलायला गेलेल्या बाईवर कसली केस होणार? फार तर पोलीस नाव-नंबर विचारतील. तेवढं द्या.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत पण पत्रात डोकावतंय, ते. तुम्ही सगळा भार एकट्या स्वतःच्या खांद्यावर घेतलाय, जणू त्या मुलीच्या आणि रुळांच्या मध्ये तुम्हीच काय त्या होता. असं नसायला हवं. दक्षिण कोरियात सोलमध्ये मेट्रोच्या फलाटांवर सरकते दरवाजे बसवले, गाडी थांबल्यावरच उघडणारे. २००३ ते २०१२ मधल्या आकड्यांवरून केलेल्या अभ्यासात या दरवाजांमुळे तिथल्या फलाटांवरच्या आत्महत्या ८९ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. हाँगकाँगमध्येही घट दिसली. आपल्या मुंबईत भुयारी मेट्रो ३ च्या स्टेशनांवर असे छतापर्यंतचे दरवाजे आहेत, तुम्ही पाहिले असतील. लोकलच्या फलाटाला ते लावणं अवघड आहे. एकाच फलाटावर १२ डब्यांची येते, १५ डब्यांची येते, कधी लांब पल्ल्याची येते, दरवाजे कुठल्या जागी ठेवायचे? पण अवघड म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही, आणि दरवाजे नाहीत तोवर माणसं तरी तयार करता येतात. स्टेशनवरचे हमाल, स्टॉलवाले, सफाई कामगार, होमगार्ड दिवसभर तिथेच असतात. कोण किती वेळ बसलंय हे त्यांच्याइतकं कुणाला दिसत नाही. त्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि स्टेशनवर १४४१६ ची मोठी पाटी, ही काही आकाशातली मागणी नाही. प्रवासी संघटनांनी ती लावून धरावी असं मला फार वाटतं. आणि यात मोटरमनलाही धरा. समोर जे घडतं ते त्याला टाळता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मार्गावर गाडी न्यायची असते.

तुमच्या ग्रुपवरच्या त्या व्हिडिओबद्दल. व्हिएन्नात १९७८ साली भुयारी रेल्वे सुरू झाली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिथे आत्महत्या वाढू लागल्या आणि वर्तमानपत्रं त्या रंगवून, ठळक मथळ्यांत छापू लागली. १९८७ च्या मध्यावर तिथल्या आत्महत्या प्रतिबंधावर काम करणाऱ्या मंडळींनी पत्रकारांना सांगितलं, असं छापू नका: जागा नको, पद्धत नको, फोटो नको, पहिल्या पानावर नको. पत्रकारांनी ऐकलं. त्याच वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत त्या रेल्वेवरच्या आत्महत्या आणि प्रयत्न ८० टक्क्यांहून जास्त घटले, आणि नंतरही कमीच राहिले. आपल्या प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये अशीच मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. पण आता प्रत्येकीच्या पर्समध्ये एक छापखाना आहे. म्हणून मी स्टेशन गाळलं. तुम्ही ग्रुपवर एवढंच लिहा: "बायांनो, असले व्हिडिओ नका टाकू. आपल्यातली कुणी मनाने खचलेली असेल तर तिला ते बघून काय होईल?" कारण अडीच-तीनशे बायकांच्या ग्रुपमध्ये अशी एखादी असतेच. ती बोलत नाही, पण वाचत असते. गाडी लेट झाली की डब्यात जे म्हटलं जातं ना, "यांना हीच वेळ सापडते का", तेही ती ऐकत असते.

उलटही घडतं. अशा वेळेतून तरून निघालेल्या माणसाच्या गोष्टी वाचल्या-ऐकल्या की दुसऱ्यांना धीर येतो, हेही व्हिएन्नातल्याच संशोधकांनी पुढे दाखवलं. जॉनीची गोष्ट मी म्हणूनच एवढी सविस्तर सांगितली. ती ग्रुपवर टाका.

आणि आता तुम्ही. रात्री अडीचला जाग, जागा टाळणं, तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, हे चार महिने चाललंय. धक्क्यानंतर काही आठवडे असं होणं स्वाभाविक, पण चार महिने म्हणजे मदत घ्यायची वेळ. जवळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असेल, तिथे जा. ते जड वाटत असेल तर आधी १४४१६ वरच बोला. फोन फक्त बाकावरच्या मुलींसाठी नाही. आणि जे मी तुम्हाला दुसऱ्यांना विचारायला शिकवतेय, तेच तुम्हाला विचारते: या चार महिन्यांत स्वतःला संपवायचा विचार कधी मनात आला का? आला असेल तर आजच, हे वाचून झाल्यावर, यजमानांना सांगा आणि फोन लावा. त्यांनी पुन्हा "जिवाला लावून घेऊ नकोस" म्हटलं तर सांगा, "उपाय नको सुचवू, नुसतं ऐक." आपली माणसं उपाय सुचवतात कारण आपलं रडणं त्यांना बघवत नाही.

एक काम सांगते, जमेल तेव्हा करा. एखाद्या रविवारी, दुपारच्या वेळी, गर्दी नसताना, ग्रुपमधल्या तुमच्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीला घेऊन त्या स्टेशनवर जा. फलाटाच्या त्या टोकाला, त्या बाकावर दोघी बसा. एक गाडी जाऊ द्या. रडू आलं तर येऊ दे. त्या मुलीला जे म्हणायचं राहिलं ते मनात म्हणा, किंवा मैत्रिणीला मोठ्याने सांगा. मग दुसऱ्या गाडीने घरी या. पहिल्या वेळेला बाकापर्यंत पोचता आलं नाही तर पुलावरूनच बघून परत फिरा, पुढच्या रविवारी पुन्हा जा. आणि कसं झालं ते मला लिहा, मी वाट बघतेय.